घोडे ट्रेन करायचं काम शिकायचंय? मग आधी खाली उतरा

घोडे ट्रेन करायचं शिकायला सुरुवात कुठून करू असं बरेच जण विचारतात, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक रपेट असते, खोगीर, वेग, उड्या वगैरे. ते येतं, पण बरंच नंतर. आधी तबेला साफ करा, पाणी भरा, खरारा करा. कंटाळवाणं आहे मान्य, पण रोज खरारा करणाऱ्यालाच कळतं की कुठे हात लावला की कातडी थरथरते आणि कुठे लावला की गडी मान खाली सोडून ओठ लांब करतो. आयाळ संपते तिथे खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात हे मोजून पाहिलेलं आहे, घोडे एकमेकांना साधारण तिथेच खाजवतात. त्यामुळे शाबासकी म्हणून मानेवर धपाधप थोपटणं सोडा, ती आपली हौस असते.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. डोळे बाजूला असल्याने त्याला जवळपास 350 अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, काहीतरी बोलत जवळ जायचं. आणि दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, घोडा बुजून पळाला तर बोटं जातात.

आता खरा विषय. दोरीवर हलका ताण दिला, घोड्याने पाऊल पुढे टाकलं की त्याच क्षणी दोरी ढिली सोडायची. घोडा ओढण्याने शिकत नाही, ढिलं पडण्याने शिकतो. तुम्ही दोन-तीन सेकंद रेंगाळलात आणि तेवढ्यात त्याने डोकं झटकलं, आणि तेव्हा दोरी सुटली, तर तो शिकला काय? डोकं झटकलं की सुटका होते. मग लोक म्हणतात घोडा हट्टी आहे. लगाम, टाच, मांड सगळ्याला हाच नियम, आणि नवख्यांचा हातच सुटत नाही, कारण घोड्याने ऐकलं की आपल्याला अजून थोडं मागावंसं वाटतं. एक पाऊल मिळालं ना, थांबा, श्वास घेऊ द्या, मग दुसरं मागा.

तो आपल्याला किती बारकाईने वाचतो त्याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे बर्लिनचा हान्स. हा घोडा खूर आपटून गणितांची उत्तरं द्यायचा. 1907 मध्ये मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिलं की बरोबर आकड्याला प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलायचं आणि घोडा ते बघून थांबायचा, विचारणाऱ्याला स्वतःला पत्ताही नसायचा. तेव्हा श्वास रोखून, मांड्या आवळून बसायचं आणि वर ‘शांत हो, शांत हो’ म्हणायचं याचा काय उपयोग होणार ते बघा.

अजून एक, गोल रिंगणात पळवून पळवून दमवलेला घोडा शेवटी मागे मागे यायला लागला की त्याला विश्वास म्हणायची फॅशन आहे, मला ते फारसं पटत नाही. जीभ-जबडा हलवला म्हणजे त्याने मान्य केलं असंही सांगतात, पण बऱ्याचदा ते ताण ओसरल्याचं लक्षण असतं, म्हणजे आधी ताण होता, तो कोणी दिला तेही विचारा. आणि खोगीर चढवताना चावणारा किंवा अचानक पाठ उडवायला लागलेला घोडा दिसला तर ट्रेनिंगच्या आधी व्हेटला बोलवा. दात, पाठ, पोटातला अल्सर, खुरं, खोगीराचं फिटिंग सगळं तपासून घ्या. दुखणाऱ्या घोड्याला शिस्त लावणं मला क्रूरपणाच वाटतो.

करिअर म्हणून बघताय तर अंगमेहनत भरपूर, आणि सुरुवातीला बहुतेक ठिकाणी पैसे बेताचेच. शिकायला जागा निवडताना झूल, ट्रॉफ्या, फोटो बघू नका. घोडे दिवसातून किती वेळ मोकळे सोडतात, बरोबर दुसरे घोडे असतात का, चारा तासन्‌तास समोर असतो का हे विचारा. आणि शिकवणारा माणूस हातात दोरी घेऊन तबेल्यात शिरला की घोडे कान पुढे करून दाराशी येतात की कोपऱ्यात तोंड फिरवतात, हे फी भरायच्या आधी उभं राहून बघा.