आयटीआयनंतर नोकरी मिळत नसेल, तर शिकाऊ उमेदवारी कशी मिळवावी आणि कशी पारखावी

चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या कारखान्यांत कायम कामगाराची जागा सहजासहजी निघत नाही आणि निघालीच तर आधी अनुभव विचारला जातो. तो अनुभव रीतसर मिळवण्याचा मार्ग म्हणजे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खालील अप्रेंटिसशिप. तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असल्यामुळे अर्ज करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सर्वप्रथम आधार कार्ड, दहावीची गुणपत्रिका आणि आयटीआयचे प्रमाणपत्र यांवरील नाव व जन्मतारीख तंतोतंत जुळतात का, हे तपासावे आणि बँक खाते आधारशी जोडून घ्यावे. शासनाचा विद्यावेतनातील वाटा थेट खात्यात जमा होत असल्याने येथील लहानशी तफावतही पुढे महागात पडते. त्यानंतर आयटीआयधारकांनी केंद्र शासनाच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करावी. पदविका किंवा पदवी घेतलेल्यांसाठी ‘नॅट्स’ ही वेगळी योजना आहे.

नोंदणी करून स्वस्थ बसणे मात्र उपयोगाचे नाही. आपल्या आयटीआयमधील बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या केंद्रात जाऊन जोडारी (फिटर), वीजतंत्री, संधाता (वेल्डर) अशा आपल्या व्यवसायासाठी (ट्रेडसाठी) जवळच्या कोणत्या कारखान्यांत जागा आहेत, याची चौकशी करावी. एसटी महामंडळ, महावितरण आणि रेल्वे यांच्या जाहिरातींवरही लक्ष ठेवावे. रेल्वेत ही निवड सहसा दहावी व आयटीआयच्या गुणांच्या सरासरीवर होते, त्यामुळे लेखी परीक्षेची धास्ती असणाऱ्यांनी तेथे अवश्य अर्ज करावा.

खरी काळजी घ्यायची ती रुजू होताना. ‘ट्रेनी’ म्हणून घेतलेला प्रत्येक जण कायद्याच्या अर्थाने शिकाऊ उमेदवार नसतो. ज्याचा करार पोर्टलवर नोंदवला गेला आहे, त्यालाच या कायद्याचे संरक्षण आणि शेवटी परीक्षेची संधी मिळते. म्हणून करारातील व्यवसायाचे नाव, मुदत आणि विद्यावेतन वाचूनच सही करावी व प्रत आपल्याजवळ ठेवावी. जागा देण्यासाठी कोणी अनामत किंवा ‘प्रोसेसिंग फी’ मागितली, तर तेथून सरळ परत फिरावे. जोडारी म्हणून करार करून वर्षभर नुसते पॅकिंग करायला लावणारे ठिकाणही, विद्यावेतन बरे असले तरी, माझ्या मते टाळण्याजोगेच आहे, कारण पुढच्या मुलाखतीत प्रश्न हाताला काय येते हाच असतो. शिकाऊ उमेदवारी सल्लागार, म्हणजे या कायद्याखाली नेमलेला शासकीय अधिकारी, याच्या मंजुरीशिवाय शिकाऊ उमेदवाराकडून जादा तास काम करून घेता येत नाही आणि प्रशिक्षणादरम्यान अपघात झाल्यास भरपाई देणे मालकावर बंधनकारक असते, हेही ठाऊक असावे.

मुदत संपल्यावर त्याच कंपनीने नोकरी द्यावीच, असे बंधन कायद्यात नाही. करारात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे अखेरच्या तीन-चार महिन्यांत इतरत्र अर्ज सुरू करावेत. प्रशिक्षणाच्या शेवटी होणारी अखिल भारतीय परीक्षा चुकवू नये, कारण ती उत्तीर्ण झाल्यावरच राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळते. रेल्वेच्या आस्थापनेत प्रशिक्षण पूर्ण करून हे प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ (पूर्वीच्या ग्रुप डी) भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. मात्र त्यांनाही भरतीची परीक्षा द्यावीच लागते.