साताऱ्याहून एका दिवसात: कास की ठोसेघर?
कासचं फुलांचं पठार आणि ठोसेघरचा धबधबा, दोन्ही एकाच दिवशी कोंबू नका. कासचा रस्ता यवतेश्वर घाटाने चढतो, ठोसेघरचा सज्जनगडाच्या बाजूने. मधे पुन्हा साताऱ्यात उतरावं लागतं. ऑगस्टमध्ये ठोसेघर धरा. सकाळी आधी सज्जनगड (गाडी बरीच वर जाते, पुढे पायऱ्या), मग धबधबा, आणि धुकं नसेल तर तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांपर्यंत. मला तर धबधब्यापेक्षा ते पठारच आवडतं. सप्टेंबरात कास, तेही शनिवार-रविवार टाळून आणि ऑनलाइन बुकिंग करून. फुलं पाहून लगेच माघारी फिरू नका. तोच रस्ता खाली बामणोलीला, शिवसागर जलाशयाच्या काठी जातो. पेट्रोल मात्र साताऱ्यातच भरा.