बायोस अपडेट अन् अडकलेलं विंडोज : बनी तो बनी, नाहीतर परभणी

मागच्या आठवड्यात भर दुपारी, ऊन नुसतं मी म्हणत होतं, तेव्हा सेवा केंद्र चालवणारा एक पोरगा सीपीयू गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवर घेऊन दुकानात आला. "दादा, रातच्यापासून नुसतं गोल गोल फिरायलंय, बायोस उडालं म्हणे, बघा बरं." बायोस उडालं हे त्याला कुणीतरी फोनवरच सांगितलेलं. मी वायर लावली, बटण दाबलं, बोर्डाच्या कंपनीचा लोगो आला अन् खाली पांढरे ठिपके फिरायला लागले. म्हणलं, बाबा तुझं बायोस ठणठणीत हाय, गंडलंय ते विंडोज.

या एका गोष्टीवर लोकांचे फुकट पैसे जातात म्हणून आधी तीच सांगतो. विहिरीवर मोटार असते अन् भिंतीवर तिचा स्टार्टर असतो, तसं बायोस म्हणजे स्टार्टर. ते मदरबोर्डावरच्या एका चिमुकल्या चिपमध्ये असतं, हार्डडिस्कशी त्याचा काही संबंध नसतो. विंडोज असतं डिस्कवर. बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो दिसतोय, एफ२ नायतर डिलीट दाबून सेटिंगच्या पानात जाता येतंय, म्हणजे स्टार्टर चांगला हाय, पुढं मोटारीकडं बघा. पंखे फिरतात पण स्क्रीनवर काहीच नाही, लोगो पण नाही, तर मग बायोस, रॅम, बोर्ड असल्या गोष्टींवर संशय घ्यायचा. हे न बघता लोक डायरेक्ट फॉरमॅट करून नवं विंडोज मारायला लावतात अन् मग डेटा गेला म्हणून डोक्याला हात लावून बसतात.

आता बायोस अपडेट करावं का? काम नसताना करू नका, हात दाखवून अवलक्षण. कारण असलं तर मात्र करा. म्हणजे बोर्ड जुना अन् त्यात नवा प्रोसेसर बसवायचाय, किंवा इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर हाय (त्यांतल्या बऱ्याच मॉडेलांत व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसरच खराब व्हायचे, त्यावरचा इलाज २०२४ मध्ये बायोसमधूनच आला), किंवा विंडोज ११ टाकायचंय अन् टीपीएमचा (बोर्डावरची सुरक्षेची चिप नायतर तसली सोय) पर्यायच दिसत नाही. अजून एक म्हणजे सिक्युअर बूटची (मशीन चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) २०११ सालची सर्टिफिकेटं, त्यांची मुदत जून २०२६ पासून संपायला लागते. मशीन लगेच बंद पडतं असं नाही, पण बूटच्या सुरक्षेचे पुढचे अपडेट मिळायला नवी सर्टिफिकेटं लागतात, ती विंडोज अपडेटमधूनच येतात पण काही मशीनला त्याच्या आधी बायोस नवं करावं लागतं.

विंडोज १० चा फुकटचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून दुकानात रोज १० वरून ११ करायचंच काम हाय. घरगुती मशीनला नोंदणी करून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यामुळं मशीनवर धंदा चालतो त्यांनी घायकुतीला येऊन काही करू नये. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलीय, बाहेर लाइन लागलीय, असल्या दिवसात तर अपडेटच्या बटणाकडं बघू पण नका.

बरं, करायचं ठरलं तर सगळ्यात आधी लाइट. हे गमतीत घेऊ नका. बायोस लिहिलं जात असताना लाइट गेली तर चिप अर्धवट लिहिलेली राहते अन् मशीन मुकं होतं. मी स्वतः हे केलेलं हाय. चार-पाच वर्षांमागं मे महिन्यात एका गिऱ्हाइकाचा बोर्ड अपडेटला लावला, यूपीएस होता म्हणून निवांत चहा प्यायला बसलो, डीपीवर काहीतरी झालं, लाइट गेली, अन् यूपीएसनं दोनदा टूं टूं केलं अन् मान टाकली. बॅटरी मेलेली होती, मी कधी तपासलीच नव्हती. आमच्याकडं ते बनी तो बनी नहीं तो परभणी म्हणतात ना, ते त्या दिवशी पुरतं कळलं. शेवटी चिप प्रोग्रामरवर लिहून आणावी लागली, खर्च माझ्या खिशातून. तेव्हापासून अपडेटच्या आधी मशीन चालू असतानाच यूपीएसचा मेन प्लग काढून बघतो, दहा मिनिटं तग धरला तरच पुढं. उन्हाळ्यात इकडं पारा ४२-४३ ला जातो, त्यात या बॅटऱ्या लवकर मरतात. लॅपटॉपला हा त्रास कमी, पण बॅटरी भरलेली पाहिजे अन् चार्जर पण लावलेला पाहिजे, बऱ्याच लॅपटॉपात तर चार्जर नसला की अपडेट सुरूच होत नाही.

लाइटीचं झालं की मग मॉडेल बघा. विंडोजचं बटण अन् आर दाबायचं, रनची चौकट येते, तिथं एमएसइन्फो३२ टाइप करून एंटर. (कमांडा फोनवर सांगतो तशाच लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.) त्यात बेसबोर्ड प्रॉडक्ट म्हणजे बोर्डाचं नाव, बायोस व्हर्जन अन् तारीख, बायोस मोड यूईएफआय (नवी पद्धत) हाय का लेगसी (जुनी), सिक्युअर बूट चालू हाय का, सगळं एकाच जागी दिसतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. काही बोर्डांना रिव्हिजन नंबर असतो, बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेला, १.० वेगळं अन् २.० वेगळं, तो जुळला पाहिजे. फाइल फक्त कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायची, बायोस अपडेट करून देतो म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं घ्यायची नाहीत, बिलकुल नाही.

आता जी गोष्ट नव्या लॅपटॉपवाल्यांना रडवते ती, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलेल्या बऱ्याच लॅपटॉपात डिस्क आपोआप लॉक झालेली असते अन् मालकाला पत्ताच नसतो. बायोस बदललं की विंडोजला वाटतं मशीनशी कुणीतरी छेडछाड केली, मग निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात, डिव्हाइसच्या यादीत असते, पण ते खातं उघडून देणाऱ्या दुकानदाराच्याच मोबाइल नंबरवर असलं तर काय करणार, असे लोक पण आलेत माझ्याकडं. म्हणून आधी की शोधून वहीत लिहा, मग ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये मॅनेज डॅश बीडीई, स्पेस, डॅश प्रोटेक्टर्स, स्पेस, डॅश डिसेबल, स्पेस, सी कोलन असं टाकून लॉक तेवढ्यापुरतं सस्पेंड करा. एएमडीच्या बोर्डावर अपडेटनंतर कधी कधी काळ्या स्क्रीनवर एफटीपीएम (एएमडीचं टीपीएम) रिसेट करू का, वाय का एन असं विचारतं. डिस्क लॉक असली अन् की हाताशी नसली तर वाय दाबू नका, एन दाबा.

प्रत्यक्ष अपडेट तसं सोपं हाय. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचा, झिप उघडून आतली फाइल त्यात टाकायची, मशीन बंद करून चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जायचं. तिथं असुसमध्ये ईझेड फ्लॅश, एमएसआयमध्ये एम-फ्लॅश, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश असं लिहिलेलं असतं, डेलच्या लॅपटॉपला एफ१२ दाबलं की यादीत बायोस फ्लॅश अपडेट येतं. त्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढा, खास करून साटा मोडचं (बोर्ड डिस्कशी कसा बोलतो ते) पान, ते पुढं लागणार हाय. मग फाइल निवडायची, हो म्हणायचं अन् हात मागं बांधून बसायचं. स्क्रीन काळी होईल, पंखा बोंबलेल, दोन-तीनदा रिस्टार्ट होईल, नव्या डीडीआर५ रॅमच्या मशीनवर तर पहिल्यांदा चालू होताना बराच वेळ काहीच दिसत नाही. वीस-पंचवीस मिनिटं बटणाला हात लावायचा नाही.

अन् तरी मेलंच तर? लगेच भंगारात घालू नका. बऱ्याच बोर्डांच्या मागं बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाची फाइल पेनड्राइव्हमध्ये टाकून ठरलेल्या यूएसबीत लावायची अन् ते बटण दाबायचं, बोर्ड स्वतःच चिप लिहून घेतो. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपात विंडोज अन् बी दाबून ठेवून पॉवर दिली की रिकव्हरी सुरू होते, डेलच्या नव्या लॅपटॉपात कंट्रोल अन् एस्केप. यातलं काहीच नसलं तर चिप प्रोग्रामरवर लिहिणारा कारागीर गाठायचा. बोर्ड बदलावाच लागतोय म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

चालू झालं पण विंडोज लागंना, निळ्या स्क्रीनवर इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस? घाबरू नका, अपडेटनं बायोसची सेटिंगं मूळ जागी नेली. साटा मोड आधी रेड होता तो एएचसीआय झाला किंवा उलटं झालं. मघाशी काढलेला फोटो बघून होता तसा करा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

मग दोन-चार दिवस मशीन तसंच वापरा. बायोस अन् विंडोज एकाच दिवशी कधीच करू नका, बिघडलं तर कुणामुळं बिघडलं हे नंतर ब्रह्मदेवाला पण सांगता येत नाही.

विंडोज ११ साठी टीपीएम २.०, सिक्युअर बूट जमणारं यूईएफआय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क अन् साधारण इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. टीपीएम नाही असं दाखवलं तर बऱ्याचदा ते बायोसमध्ये नुसतं बंद असतं, इंटेलवर पीटीटी अन् एएमडीवर एफटीपीएम नावानं, चालू करा अन् रनमध्ये टीपीएम डॉट एमएससी टाकून बघा. बायोस मोड लेगसी असलं तर विंडोज न उडवता एमबीआर टू जीपीटी या कमांडनं (टू म्हणजे आकडा २, सगळं जोडून) डिस्कची मांडणी बदलता येते, पण डेटाची कॉपी दुसरीकडं ठेवूनच, अन् आधी स्लॅश व्हॅलिडेट लावून. जुन्या मशीनवर नियम चुकवून ११ टाकून देणारे गल्लोगल्ली हायत, टाकता येतं, पण अशा मशीनला अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, तेव्हा घरच्या मशीनवर हौस म्हणून ठीक, कामाच्या मशीनवर मी तरी टाकून देत नाही.

आता अपग्रेड अर्ध्यात फसलं तर आधी कोड वाचा, फोटो काढा. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी, सी ड्राइव्हवर २०-२५ जीबी मोकळी करा. ०एक्ससी१९००२०८ म्हणजे एखादं सॉफ्टवेअर आडवं आलंय. ०एक्ससी१९००१०१ म्हणजे जवळजवळ दरवेळी ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), अन् त्याच्या डॅशनंतरचा दुसरा आकडा पण बघा, ०एक्स२ नं सुरू झाला तर पहिल्या रिस्टार्टनंतर सेफ ओएसमध्ये (अपग्रेडपुरतं छोटं विंडोज) असतानाच अडकलं, ०एक्स३ म्हणजे नवं विंडोज पहिल्यांदा बूट होताना, ०एक्स४ म्हणजे त्याच्याही पुढं. नेमका कोणता ड्रायव्हर हे सी ड्राइव्हवरच्या डॉलर विंडोज डॉट टिल्डे (~) बीटी नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये, सोर्सेस, पँथर, सेटअप ईआरआर नावाच्या लॉग फाइलमध्ये शोधायचं, वाचायला किचकट हाय पण शेवटच्या ओळींत बहुतेक वेळा नाव सापडतं. मायक्रोसॉफ्टचं सेटअपडायग नावाचं फुकट टूल हेच काम करून देतं.

टक्क्यावर अडकलं म्हणून बटण दाबायची घाई नको. एसएसडी नसलेल्या जुन्या मशीनला दोन-तीन तास लागले तर नवल नाही, डिस्कचा लाइट लुकलुकत असला तर चालू द्या. रात्रभर तिथंच असलं अन् लाइट पण मेलेला असला तर मग बंद करा, नाइलाज हाय.

बंद केल्यावर विंडोज लागतच नसलं तर ठिपके फिरायला लागले की पॉवर बटण दाबून धरून बंद करायचं, असं दोन-तीनदा केलं की निळं रिकव्हरीचं पान येतं. तिथं ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. पहिल्यांदा स्टार्टअप रिपेअर, मग अनइन्स्टॉल अपडेट्समध्ये जाऊन लेटेस्ट फीचर अपडेट (म्हणजे ते नवं विंडोज) काढायचा, मग सेफ मोड. फॉरमॅटकडं जायच्या आधी डेटा काढून घ्या, अन् त्यासाठी डिस्क खोलायची पण गरज नाही. तिथल्याच कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड टाइप करा, फाइल, ओपन, खाली ऑल फाइल्स निवडा, सगळ्या डिस्का दिसतात (सी चं नाव तिथं डी झालेलं असू शकतं), फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी अन् पेनड्राइव्हमध्ये पेस्ट. लई लोकांना माहीत नाही.

विंडोज लागलं पण अडखळायलंय तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयएसएम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश क्लीनअप डॅश इमेज, स्लॅश रिस्टोअरहेल्थ, अन् ते संपल्यावर एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ, याच क्रमानं. तरी नाही जमलं तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये गो बॅक. ते फक्त १० दिवस असतं, तेवढ्यात विंडोज डॉट ओल्ड फोल्डर जागेसाठी उडवला की परतीचा रस्ताच गेला.

त्या पोराच्या मशीनचं म्हणाल तर ते १० वरून ११ ला जातानाच अडकलेलं, फीचर अपडेट काढून १० परत आलं. कोड निघाला ०एक्ससी१९००१०१ अन् पुढं ०एक्स३००१८, लॉगमध्ये अंगठ्याच्या जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर. तो ड्रायव्हर काढला, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, सगळ्या यूएसबी उपटल्या, नुसता कीबोर्ड-माउस ठेवला, बाहेरचा अँटिव्हायरस काढला अन् ११ ची आयएसओ फाइल (पूर्ण विंडोज एकाच फाइलीत) उघडून सेटअप चालवला, अपडेट आत्ता नको असं निवडून, फायली अन् सॉफ्टवेअर ठेवा म्हणून. सव्वा तासात ११ लागलं. स्कॅनरचा नवा ड्रायव्हर टाकून मग तो जोडला, पोरानं गोणपाट घडी करत करतच वाकून पहिला अंगठा स्वतःचाच लावून बघितला अन् हिरवी खूण आल्यावर म्हणला, "दादा, घरी नेल्यावर लगेच टोकन लावू का उद्या?" म्हणलं उद्याच लाव, आज तुमच्या फीडरचा भरोसा नाही.