बर्फ पडायच्या आधीचा एक शनिवार

ऑक्टोबरमधला एक कोरडा शनिवार गाडीसाठी राखून ठेवा. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये माझा हा सहावा हिवाळा. जे करायचं ते त्या एका दुपारी होतं. पहाटे सहाच्या अंधारात, उणे पाचमध्ये, बोटंच वाकत नाहीत.

आधी टायर. इथली म्हण आहे, ‘ओ ते ओ’: ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. कायद्यात तारीख नाही. पण रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असताना विंटर टायर नसले तर ६० युरो दंड आणि वाहनचालक म्हणून नावावर एक दोषाचा पॉइंट. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, असं चिन्ह शोधा. ऑक्टोबर २०२४ पासून हेच चिन्ह लागतं. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं आता चालत नाही. जुन्या गाडीबरोबर ‘टायर फुकट देतो’ असं कुणी म्हटलं की तिथेच वाकून बघा.

मी बघितलं नव्हतं. माझ्या सेकंडहँड फोक्सवागन गोल्फबरोबर आलेल्या टायरच्या खाचा छान खोल होत्या, पण नख रुतवून बघितलं तर लाकूड! टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो: ३५१८ म्हणजे २०१८ चा पस्तिसावा आठवडा. माझे दहा वर्षांचे निघाले. खोली मोजायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं घाला. बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली तर चार मिलिमीटर आहेत. कायद्याला १.६ पुरतात, बर्फाला नाही.

काढलेल्या चाकांवर खडूने ‘पुढचं डावं’, ‘मागचं उजवं’ लिहून ठेवा, एप्रिलमध्ये आठवत नाही. चाकं बदलल्यावर ५० किलोमीटर चालवून बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. गॅरेजवाला बिलावर लिहून देतो, आपण ते बिल डॅशबोर्डात कोंबतो. हवाही बघा. तापमान दहा अंशांनी उतरलं की दाब साधारण ०.१ बारने उतरतो.

काच धुण्याच्या टाकीत नळाचं पाणी अजिबात नको, ते गोठतं. पहिल्या वर्षी मी तेच भरलं होतं. उल्म शहराच्या बाजूने आल्बचे डोंगर चढताना पुढच्या ट्रकने उडवलेलं मिठाचं पाणी काचेवर वाळून पांढरं झालं, समोर खाली आलेला सूर्य, आणि फवारा दाबला तर नुसता मोटरचा आवाज. पुढचा पार्किंग येईपर्यंत मान वाकडी करून काचेच्या एका स्वच्छ पट्टीतून बघत गेले. आता सुपरमार्केटमधलं विंटर मिश्रण भरते आणि दोनदा फवारा सोडते, म्हणजे नळीतलं जुनं पाणीही निघून जातं. इंजिनच्या कूलंटचं गॅरेजला विचारा, ते मिनिटात मोजून सांगतात.

बॅटरी चार-पाच वर्षांची असेल तर तिचीही तपासणी करून घ्या. थंडीत तिची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमधून इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. फक्त बालवाडी आणि रेव्हे सुपरमार्केट एवढंच चालवत असाल तर ती पुरेशी चार्जही होत नाही.

कोल्हापुरातून पप्पा दर डिसेंबरला सांगतात, “सकाळी पाच मिनिटं चालू ठेवून मग काढ.” त्यांची पद्मिनी तशीच निघायची, चोक ओढून. इथे उभ्या गाडीचं इंजिन विनाकारण चालू ठेवायला बंदी आहे, आणि नव्या इंजिनाला त्याची गरजही नाही. तो वेळ पूर्ण काच खरवडण्यात घालवा. चहाच्या बशीएवढं भोक पाडून निघालेल्यांना पोलीस थांबवतात. टपावरचा बर्फही झाडा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला तो पुढच्या काचेवर घसरतो.

दारांच्या रबराला हरणाच्या चरबीची कांडी फिरवा, दुकानात हिर्शटाल्ग म्हणून मागा. नाहीतर रबर गोठून चिकटतं आणि दार ओढलं की फाटून हातात येतं. कुलपाचा बर्फ वितळवणारा स्प्रे घरात, किल्ल्यांच्या खुंटीपाशी ठेवायचा. माझा पहिल्या हिवाळ्यात गाडीच्या आत होता.