मिरज-सांगलीत न्यूरॉलॉजी इलेक्टिव्हला येताय? मग ही तयारी करून या

इलेक्टिव्हचा, म्हणजे एमबीबीएसच्या विद्यार्थ्यानं स्वतः निवडलेल्या विषयाच्या पोस्टिंगचा, ब्लॉक 15 दिवसांचा असतो. रविवार आणि एखादी सुट्टी वगळली तर हातात बारा-तेरा दिवस उरतात. एवढ्यात न्यूरॉलॉजी शिकून होत नाही. पण नीट हिस्टरी (आजाराची हकिगत) घेणं आणि एकाच ठरलेल्या क्रमानं पूर्ण तपासणी करणं हे मात्र जमू शकतं. जाडजूड पुस्तक घरीच ठेवा. येण्याआधी मोटर आणि सेन्सरी पाथवे (हालचालीचे आणि संवेदनेचे मार्ग), क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणाऱ्या नसा) आणि मेंदूचा रक्तपुरवठा एवढं कागदावर काढता येतंय का ते बघा. राउंडला पहिला प्रश्न ‘लीजन (बिघाडाची जागा) कुठे आहे’ हाच येतो. आजाराचं नाव त्यानंतर.

रिफ्लेक्स तपासायचा हॅमर विकत घेताना विद्यार्थ्यांच्या किटमधला तिकोनी, हलका घेऊ नका. वजन नसल्यानं तो जोरात मारावा लागतो, रुग्ण अंग आखडतो आणि अँकल जर्क (घोट्यामागच्या शिरेवर मारल्यावर पायाला बसणारा झटका) ‘नाही’ असं चुकीचं लिहिलं जातं. लांब दांड्याचा, गोल डोक्याचा घ्या आणि मनगट सैल सोडून तो नुसता पडू द्या. तरीही जर्क आला नाही तर दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि त्याच क्षणी पुन्हा मारा. ट्युनिंग फोर्क 128 हर्ट्‌झचाच हवा, 512 चा कानासाठी असतो. तो खाटेच्या लोखंडावर आपटू नका, तळहाताच्या टाचेवर मारा. आधी छातीच्या हाडावर ठेवून कंपन म्हणजे काय ते रुग्णाला कळू द्या, मग डोळे मिटायला लावून पायाच्या अंगठ्याच्या हाडावर ठेवा. ‘थांबलं की सांगा’ असं म्हणा. ‘जाणवतंय का’ विचारलंत तर नुसत्या गार धातूच्या स्पर्शालाही ‘हो’ येतं. बाकी टॉर्च, कापूस, टूथपिकचं पाकीट (प्रत्येक रुग्णाला नवी, वापरून झाली की टाकून द्यायची), मोजपट्टी, लाल टोकाची पिन आणि वासासाठी कॉफीची डबी. स्पिरिटचा बोळा वासासाठी वापरू नका. तो नाकाला झोंबतो आणि ते झोंबणं वासाच्या नाही, पाचव्या क्रेनियल नर्व्हचं काम आहे.

एमआरआयच्या खोलीत शिरण्याआधी ॲप्रनचे सगळे खिसे रिकामे करा. स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतो.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो हिस्टरीला. इथला रुग्ण ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतो तेव्हा त्याला अर्धांग म्हणायचं असतं. फेफरं, आकडी म्हणजे फिट. ‘चक्कर येते’ एवढ्यावर थांबू नका. घर गरगर फिरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना झोक जातो? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. पाय अशक्त आहे म्हटलं तर शौचाला उकिडवं बसल्यावर उठता येतं का ते विचारा; येत नसेल तर मांडी-कंबरेचे स्नायू गेलेत. चप्पल निसटते म्हणाले तर ‘निसटल्याचं कळतं का?’ हा पुढचा प्रश्न. कळत असेल तर पंजाची ताकद बघा, कळत नसेल तर संवेदना. आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो असं सांगणाऱ्यानं तुमची रॉम्बर्ग टेस्ट (डोळे मिटून उभं राहिल्यावर तोल जातो का ते बघणं) घरीच करून आणलेली असते.

उजवा की डावा, हे विचारताना जेवणावर जाऊ नका. लहानपणी ओरडा खाऊन कित्येक डावखुरे उजव्या हातानं जेवायला, लिहायला लागलेले असतात. खुरपं किंवा विळा कुठल्या हातात धरता, ते विचारा.

स्ट्रोकमध्ये ‘सकाळी उठल्यावर दिसलं’ ही वेळ कामाची नाही. शेवटचं चांगलं कधी पाहिलं, ती वेळ हवी. रक्ताची गाठ विरघळवण्याच्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथून मोजतात. घड्याळ कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून पहाटे लघवीला उठले होते का, धारा काढताना बोलले का, असे टप्पे पकडत मागे जा. फिटच्या रुग्णात ज्यानं फिट डोळ्यांनी पाहिली त्यालाच गाठा, फोनवर का होईना. कुणी व्हिडिओ काढलाय का तेही विचारा. मात्र रुग्णाचा व्हिडिओ तुम्ही स्वतः काढायचा तर लेखी परवानगी घ्या, आणि तो व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नये.

मिरजेत अथणी, चिक्कोडी, जमखंडीकडून रुग्ण येतात, जत भागातल्याही बऱ्याच घरांत कन्नड बोलतात. तेव्हा रुग्ण सूचना पाळत नाही म्हणून अफेजिया (मेंदूच्या बिघाडानं भाषा जाणं) लिहिण्याआधी घरी कुठली भाषा बोलता ते नातेवाइकांना विचारा. चार वाक्यं पाठ करून या: ‘कै एत्ति’ म्हणजे हात उचला, ‘कण्णु मुच्चि’ डोळे मिटा, ‘नालिगे तोरिसि’ जीभ दाखवा, बल उजवा, एड डावा. आज्जी, मावशी, अण्णा अशी हाक मारलीत तर तपासणीला लोक अंग सैल सोडतात, आणि टोन (स्नायूंचा सैलपणा-ताठपणा) बघायला तेच तर हवं असतं.

प्लांटरला, म्हणजे तळव्यावर ओरखडा ओढून अंगठा कुठे वळतो ते बघायला, इथे अडचण येते. शेतात अनवाणी वावरलेल्या तळव्याची कातडी जाड असते, हलक्या ओरखड्याला अंगठा हलतच नाही. तळवा पुसून घ्या, हॅमरच्या दांड्याच्या बोथट टोकानं बाहेरच्या कडेनं सावकाश ओढा. तरीही उत्तर नाही आलं तर बाहेरच्या घोट्याखालून ओढून बघा.

दोन केसेस शहरी कॉलेजातून येणाऱ्यांना चकवतात. एक, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीनं उठतो, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही. हा मण्यार सापाचा दंश असू शकतो. दंशाची खूण बहुतेक वेळा सापडतही नाही. दुसरी, ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाची विषबाधा. सुरुवातीच्या उपचारानं रुग्ण सावरलेला दिसतो आणि 24 ते 96 तासांत श्वासाचे स्नायू ढिले पडतात. म्हणून रोज दोन्ही वेळेला ‘उशीवरून डोकं उचला’ एवढं सांगून बघा. मान उचलली जात नसेल तर तिथूनच रेसिडेंट डॉक्टरला हाक मारा, नोंदी नंतर करा.

लंबर पंक्चरला (कमरेत सुई घालून कण्यातलं पाणी काढताना) तुमच्या वाट्याला रुग्णाची पोझिशन धरणं आणि ट्यूबवर नाव घालणं येईल. त्याच वेळी रक्तातली साखर पाठवली गेली का ते बघा. सीएसएफची (त्या पाण्यातली) साखर तिच्याशी ताडूनच वाचायची असते; एरवी ती रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असते. रक्तातल्या साखरेचा आकडा नसला तर मेनिंजायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या दाहाचा) रिपोर्ट अर्धाच राहतो.

कागदपत्रांत कॉलेजचं पत्र, ओळखपत्र, हिपॅटायटिस बी लसीची नोंद आणि लॉगबुक (रोजच्या कामाची नोंदवही). राहायची सोय आधी लेखी विचारून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर कृष्णेच्या पाण्याचा अंदाज घेऊन एक-दोन दिवस आधीच पोचा. लॉगबुक त्या त्या दिवशीच भरा आणि सह्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका; त्या दिवशी सर नेमके कॉन्फरन्सला गेलेले असतात.