खान्देशात कुत्री फिरवण्याचा आणि घरी जाऊन प्राणी सांभाळण्याचा व्यवसाय कसा करावा

जळगाव, भुसावळ, धुळ्यात हे काम सुरू करायचं तर दराआधी वेळ ठरवा. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं. म्हणजे फिरवायला सकाळी साडेपाच ते साडेसात आणि रात्री साडेआठनंतरचाच वेळ उरतो. एका कुत्र्याला 30 मिनिटं आणि पुढच्या घरी पोहोचायला 10 मिनिटं धरली, तर सकाळी तीनच कुत्री बसतात. चौथं घेतलंत की ते उन्हात सापडणार. म्हणून रोजचं फिरवणं ओळखी वाढवण्यासाठी आणि महिन्याच्या ठरलेल्या पैशांसाठी ठेवा. खरी कमाई आखाजी (अक्षय्य तृतीया), लग्नसराई आणि दिवाळीत, लोक घराला कुलूप लावून गावाला जातात तेव्हा होते. त्या घरभेटी दुपारीही करता येतात.

बाहेर पडण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका सहन झाला नाही तर मातीच्या रस्त्याने जा, नाहीतर अंगणातच शी-शू उरकून घ्या. पग आणि शिह त्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात दहा-पंधरा मिनिटं पुरे.

साखळी नको. पाच-सहा फुटांचा सुती किंवा नायलॉनचा पट्टा आणि छातीचा हार्नेस घ्या. हार्नेसखाली दोन बोटं जावीत, तीन जात असतील तर घाबरलेलं कुत्रं मागे सरकून सुटतं. दिवाळीत गळपट्टा आणि हार्नेस अशा दोन्हींना पट्टा जोडा आणि अंधार पडण्याआधी घरी परता. गल्लीतली कुत्री अंगावर आली तर पळू नका आणि आपलं कुत्रं उचलू नका. उचललं की ती उड्या मारून चावतात. त्याला आपल्या मागे घेऊन उभं राहा, मग हळूहळू बाजूने निघा.

मालक घरात असतानाच दोन भेटी करा, निदान एक तरी. रेबीज आणि इतर लसींचं कार्ड बघून त्याचा फोटो काढा. खाणं किती आणि कशाने मोजतात, औषध कोणतं, कुत्रं कशाला घाबरतं, पशुवैद्य कोण, हे लिहून त्यावर सही घ्या. घरात अहिराणी बोलत असतील तर कुत्र्याला हुकूमही त्याच बोलीत कळतात, ते शब्द नेमके टिपून घ्या. किती खर्चापर्यंत विचारल्याशिवाय उपचार करायचे, तो आकडाही आधीच ठरवा. किल्लीला पत्ता लावू नका, फक्त एक क्रमांक लावा.

उन्हाळ्यातल्या घरभेटीत सगळ्यात जास्त घोळ कूलरमुळे होतात. खिडक्या बंद करून कूलर लावला की खोलीत दमट हवा कोंडते. कुत्रं धापा टाकून अंग थंड करतं, पण दमट हवेत तो उपाय चालत नाही. म्हणून कूलरच्या समोरची एक खिडकी उघडी हवीच. टाकी सकाळ-संध्याकाळ भरा. पत्र्याच्या कूलरला कधीकधी करंट उतरतो, तेव्हा प्राणी तिथलं पाणी चाटायला जाणार नाही अशी आडोशाची सोय करा. वीज गेली तर काय करायचं तेही मालकाशी बोलून घ्या. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी फोन करून कळवेल, अशी व्यवस्था करूनच किल्ली घ्या.

कुत्र्याचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. 104 च्या वर गेलं, धाप थांबेना, हिरड्या लालभडक झाल्या, तोल जाऊ लागला, तर लगेच सावलीत आणून सर्वांगावर साधं पाणी ओता आणि पंखा लावा. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. 103 ला ओतणं थांबवा आणि शुद्धीवर दिसलं तरी डॉक्टरांकडे न्या, कारण आतल्या अवयवांचं नुकसान नंतर दिसतं.

पावसाळ्यात काळी माती बोटांच्या बेचक्यांत घट्ट बसते. धुऊन कोरडं केलं नाही तर तिथे बुरशी धरते. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारणी चालू असताना शेताच्या बांधावरून नेऊ नका आणि डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका. पावसाळा सरला की कुसळं कानात आणि पंजात शिरतात. गोचिडीही पाहाव्या लागतात, कानामागे, काखेत, शेपटीखाली. गोचीडतापात कुत्रं खाणं सोडतं आणि हिरड्या फिक्या पडतात.

हिवाळ्यात भरीत पार्ट्या होतात. भरितातला कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो, पातीचा कांदाही तसाच. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेटही वर्ज्य. मांजराच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बोका मातीच्या पेटीत वारंवार बसतो आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. मांजराने पूर्ण दिवसभर काही खाल्लं नाही, तर मालकाला फोन.

स्वतः रेबीजची पूर्वलस घ्या, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि 21 किंवा 28 व्या दिवशी. तरीही चावा लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा.

दर ठरवताना फक्त घरातला वेळ मोजू नका. येणं-जाणं, कूलर भरणं, पेटी साफ करणं, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवणं, हे सगळं त्यात येतं. घरी दुसरा प्राणी असेल तर वेगळी वाढ सांगा. सणाच्या दिवसांत निम्मे पैसे आगाऊ घ्या, कारण बेत बदलला की तुमची जागा रिकामी राहते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, मोफत आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना दिली की झालं.

पिंजऱ्यातला देशी पोपट किंवा तारा कासव सांभाळायचं काम आलं तर नाही म्हणा. दोन्ही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यांना घरात पाळणं गुन्हा आहे. मालक जुना आणि ओळखीचा असला तरी हे काम घेऊ नका, त्याला वनविभागाकडे जायला सांगा.