पिच संपवताना होणाऱ्या चुका: ‘धन्यवाद’च्या स्लाइडवर थांबू नका

गुंतवणूकदारांसमोर, बँकेत किंवा एखाद्या स्पर्धेच्या परीक्षक मंडळापुढे सादरीकरण, म्हणजेच पिच, करणारे उद्योजक सुरुवातीच्या दोन मिनिटांवर रात्री जागवतात आणि शेवट मात्र वेळेवर सुचेल तसा करतात. समस्या, उपाय, बाजारपेठ, स्पर्धक, टीम, आर्थिक अंदाज अशा ठरलेल्या क्रमाने स्लाइड तयार होतात. अखेरच्या स्लाइडवर जोडलेल्या हातांचे चित्र आणि ‘धन्यवाद’ येते, आणि काम झाले असे समजले जाते. ऐकणाऱ्याचे काम मात्र तिथेच सुरू होते. या माणसाला दुसरी भेट द्यायची का, किती रकमेचा विचार करायचा आणि आपल्या सहकाऱ्यांना याच्याविषयी काय सांगायचे, हे त्याला त्याच क्षणी ठरवायचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्यासमोर काहीही ठेवलेले नसते.

शेवट फसण्याचे मुख्य कारण असे की, पिचला एकच शेवट असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो दोनदा येतो: एक बोलणे संपवून प्रश्नांसाठी थांबतो तेव्हा, आणि दुसरा प्रश्नोत्तरे संपून खोलीतून बाहेर पडण्यापूर्वी. पहिल्याची थोडीफार तयारी होते. दुसऱ्याची जवळजवळ कोणीच करत नाही.

शेवटचे लक्षात राहते, हे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात सांगितले जाते आणि त्याला आधारही आहे. मानसशास्त्रज्ञ बेनेट मर्डॉक यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ऐकवलेल्या यादीतील सुरुवातीचे आणि शेवटचे शब्द मधल्या शब्दांपेक्षा जास्त आठवतात, असे दिसले. त्यापुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. ग्लॅन्झर आणि कुनिट्झ यांनी 1966 मध्ये यादी संपल्यावर लोकांना अर्धा मिनिट आकडे मोजायला लावले, तेव्हा शेवटच्या शब्दांचा हा फायदा नाहीसा झाला. शब्दांची यादी आणि व्यवसायाचे सादरीकरण यांत फरक आहे हे मान्य. पण पिचमध्ये शेवटच्या वाक्यानंतर पंधरा-वीस मिनिटे उलटतपासणी चालते हे लक्षात घेतले, तर केवळ एका जोरदार समारोपाच्या वाक्यावर विसंबून राहणे किती धोक्याचे आहे ते कळते.

मागणी न सांगता थांबणे

ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मराठी उद्योजकाला पैसे मागताना संकोच वाटतो आणि तो संकोच भाषेत उतरतो: “आपले सहकार्य लाभावे ही अपेक्षा”, “आपण योग्य तो विचार कराल अशी आशा आहे”. ही वाक्ये निमंत्रणपत्रिकेत शोभतात. गुंतवणूकदाराला त्यातून रक्कम कळत नाही, ती कशासाठी हवी हे कळत नाही आणि ‘हो’ म्हणायचे तर नेमके कशाला म्हणायचे, हेही कळत नाही.

समजा, सोलापूर जिल्ह्यातील एक उद्योग डाळिंबाचे दाणे काढून हवाबंद पाकिटांतून हॉटेलांना पुरवतो. त्याचा शेवट असा असू शकतो: “आम्हाला 40 लाख रुपयांची गरज आहे. त्यांपैकी 18 लाख दाणे काढण्याचे यंत्र आणि शीतखोलीसाठी, 14 लाख खेळत्या भांडवलासाठी आणि 8 लाख विक्रीच्या माणसांसाठी लागतील. या पैशांत 18 महिन्यांत आम्ही 35 हॉटेलांवरून 120 हॉटेलांपर्यंत जाऊ. या बदल्यात आम्ही कंपनीचा 10 टक्के हिस्सा देऊ इच्छितो.” चार वाक्ये झाली, आणि त्यांत रक्कम, विनियोग, टप्पा आणि मोबदला हे सगळे आले. प्रत्येक आकड्यावर प्रश्न येऊ शकतो, आणि यावेत हीच अपेक्षा आहे.

इथे एक बारीक खाच आहे. 40 लाखांना 10 टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीचे मूल्य 4 कोटी, आणि पैसे येण्यापूर्वीचे 3 कोटी 60 लाख. पुष्कळ उद्योजक ‘आमचे मूल्यांकन 4 कोटी’ एवढेच म्हणतात आणि ते आधीचे की नंतरचे हे सांगत नाहीत. ते आधीचे धरले तर त्याच 40 लाखांना 9.09 टक्केच हिस्सा मिळतो. समोरचा माणूस हा हिशेब मनातल्या मनात करतो, आणि आपल्याला तो विचारल्यावर अडखळायला झाले, तर आधीच्या सगळ्या आर्थिक अंदाजांवरचा विश्वास उडतो.

सगळीकडे एकच शेवट वापरणे

एकदा बसवलेला समारोप बँकेपासून स्पर्धेपर्यंत सर्वत्र तसाच म्हणणे हा दुसरा दोष. बँकेच्या अधिकाऱ्याला आपल्या कंपनीच्या दहापट वाढीत रस नसतो. वाढ झाली तरी त्याला व्याजच मिळणार असते. त्याला हप्ता वेळेवर येईल का हे पाहायचे असते. म्हणून बँकेतला शेवट कर्जाची रक्कम, मुदत, तारण किंवा सीजीटीएमएसईची (सूक्ष्म आणि लघुउद्योगांच्या कर्जांना हमी देणाऱ्या न्यासाची) हमी आणि ज्याला बँकेत डीएससीआर म्हणतात त्या परतफेडक्षमतेच्या आकड्यावर व्हायला हवा. डाळिंबाच्या उदाहरणात बहाराप्रमाणे मालाची आवक वरखाली होणार, तेव्हा कोणत्या महिन्यांत रोकड कमी पडेल आणि तेव्हाचा हप्ता कशातून भरला जाईल, हे आपणहून सांगितले तर अधिकाऱ्याचा निम्मा प्रश्न मिटतो.

सरकारी योजनांचा बाज आणखी वेगळा असतो. 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार्टअप इंडिया सीड फंड’ योजनेत संकल्पना पडताळण्यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे) किंवा कर्जाच्या स्वरूपात 50 लाखांपर्यंत रक्कम अशी रचना ठेवली गेली, आणि पैसे ठरलेले टप्पे पूर्ण होतील तसे हप्त्यांनी देण्याची पद्धत ठेवली गेली. अशा समितीपुढे ‘पुढील पाच वर्षांत देशभर पोहोचू’ हा शेवट वाया जातो. पहिल्या हप्त्यात काय करून दाखवणार, ते झाले हे कशावरून समजायचे आणि मग दुसरा हप्ता, असा शेवट तिथे लागतो. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीच्या ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताहा’तील विजेत्यांना शासकीय विभागांसोबत प्रायोगिक काम करण्याचे कार्यादेश मिळतात. तिथे भांडवल मागत बसण्यापेक्षा कोणत्या विभागासोबत, कोणत्या ठिकाणी आणि किती कालावधीचे काम हवे आहे, हे सांगणे शहाणपणाचे.

भरलेल्या सभागृहात शेअर विकायला काढणे

मेळाव्यात किंवा परिषदेत बोलताना उत्साहाच्या भरात “ज्यांना आमच्यासोबत गुंतवणूक करायची आहे त्यांनी हा क्यूआर कोड स्कॅन करावा” असा शेवट करणारे दिसतात. खासगी कंपनीने हे करू नये. कंपनी कायदा 2013 च्या कलम 42 नुसार खासगी वाटपाचा, म्हणजे निवडक लोकांना शेअर देण्याचा, प्रस्ताव आधीच निश्चित केलेल्या व्यक्तींनाच देता येतो, एका आर्थिक वर्षात पात्र संस्था आणि कर्मचारी वगळून अशा व्यक्तींची संख्या 200 च्या वर जाता कामा नये, आणि त्याची जाहीर प्रसिद्धी करण्यास मनाई आहे. खुल्या सभेत व्यवसायाची गरज आणि पुढचा टप्पा सांगून थांबावे; हिश्शाचा भाव बंद खोलीतल्या बैठकीसाठी ठेवावा, आणि वाक्यरचना एकदा कंपनी सचिवाच्या नजरेखालून घालावी.

आभारप्रदर्शनात वेळ घालवणे

शाळेच्या स्नेहसंमेलनापासून लागलेली ही सवय आहे. मार्गदर्शक, महाविद्यालय, इनक्युबेटर, आई-वडील, मग “वेळेअभावी सर्वांची नावे घेता येत नाहीत” आणि अखेर “एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. काही चुकले असल्यास क्षमस्व. जय हिंद, जय महाराष्ट्र!” भावना चांगली असली तरी आठ मिनिटांच्या पिचमधले एक मिनिट त्यात जाते, आणि ‘काही चुकले असल्यास’ या तीन शब्दांनी आपणच आपल्या आकड्यांवर शंका घेतो. थोर पुरुषाच्या सुविचाराची स्लाइडही याच जातीची. आभार मानायचेच असतील तर ते मागणीच्या आधी, एका वाक्यात मानावेत. मागणीनंतर फक्त “आपले प्रश्न ऐकायला मी तयार आहे” एवढे पुरे.

पडद्यावर चुकीची गोष्ट राहणे

प्रश्नोत्तरे चालतात तेवढा वेळ एकच स्लाइड समोर असते. म्हणजे संपूर्ण सादरीकरणात सर्वाधिक वेळ पाहिली जाणारी स्लाइड तीच, आणि आपण तिच्यावर ‘धन्यवाद’ लिहितो. त्याऐवजी तिथे मागणी, तिचा विनियोग, आजवरचे दोन-तीन ठोस आकडे आणि संपर्क असावा. परीक्षक प्रश्न विचारताना वर पाहतो तेव्हा त्याला रक्कम दिसते, आणि खाली टिपण करताना तो तीच उतरवून घेतो.

पॉवरपॉइंटमध्ये शेवटच्या स्लाइडनंतर रिमोट एकदा जास्त दाबला गेला की काळा पडदा येतो, आणखी एकदा दाबला की सादरीकरण बंद होऊन सगळ्या स्लाइडची रांग, कधी डेस्कटॉपवरच्या फायलीसुद्धा, सभागृहाला दिसतात. त्यावर उपाय सोपा आहे. शेवटच्या स्लाइडची एक प्रत तिच्यामागे जोडावी आणि तिच्यामागे राखीव स्लाइड ठेवाव्यात: नफ्याचे गणित, ग्राहकांची यादी, स्पर्धकांचे दर. प्रश्न आला की सादरीकरण चालू असतानाच त्या स्लाइडचा क्रमांक टाइप करून एंटर दाबले की ती थेट उघडते. क्रमांकांची चिठ्ठी हाताशी असावी. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट तुटण्याची शक्यता असतेच, म्हणून पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर असू द्यावी.

घंटा वाजल्यावर घाई करणे

वेळ संपल्याची घंटा झाली आणि पाच स्लाइड उरल्या आहेत, अशा वेळी बहुतेक जण वेग दुप्पट करतात. ऐकणाऱ्याला त्यातले काही कळत नाही आणि मागणीची वेळ येण्याआधीच माइक काढून घेतला जातो. मधल्या स्लाइड सोडून थेट शेवटच्या स्लाइडचा क्रमांक दाबावा आणि मागणीची चार वाक्ये नेहमीच्या संथ गतीने म्हणावीत. यासाठी ती पाठ हवीत. संपूर्ण पिचमध्ये शब्दन् शब्द पाठ करण्यासारखा भाग माझ्या मते तेवढाच आहे. आठ मिनिटांच्या पिचचा सराव सात मिनिटांत संपवण्याचा करावा, म्हणजे ही वेळच सहसा येत नाही.

प्रश्नोत्तरांच्या हाती शेवट सोपवणे

आता दुसरा शेवट. शेवटचा प्रश्न कोणता येईल हे आपल्या हातात नसते. तो जीएसटीच्या परताव्याविषयीचा किंवा एका नाराज ग्राहकाविषयीचा असू शकतो, आणि त्याचे उत्तर देऊन आपण खाली बसलो तर खोलीत तोच विषय रेंगाळतो. म्हणून अर्ध्या मिनिटाचा आणखी एक समारोप तयार ठेवावा आणि सूत्रसंचालक “वेळ झाली” म्हणाला की परवानगी घेऊन तो म्हणावा: “जाता जाता एकच सांगतो. आज 35 हॉटेले आमचा माल नियमित घेतात, 40 लाखांत आम्ही 120 पर्यंत पोहोचू. पुढच्या आठवड्यात आपण आमचे युनिट पाहायला यावे, अशी विनंती आहे.” यात नवीन माहिती घालू नये. नवीन माहितीतून नवा प्रश्न निघतो, आणि त्याला वेळ उरलेला नसतो.

प्रश्नच आले नाहीत तर? “काही प्रश्न?” म्हणून ओशाळवाणे हसत उभे राहण्याऐवजी, “आम्हाला नेहमी विचारले जाते की, दाण्यांचा ताजेपणा किती दिवस टिकतो” असे म्हणून आपणच पहिला प्रश्न घ्यावा. त्याचे उत्तर संपेपर्यंत एखादा हात वर होतोच. नाहीच झाला तर दुसरा समारोप म्हणून मोकळे व्हावे.

पुढचे पाऊल समोरच्यावर सोडणे

“आपण कळवा, आम्ही वाट पाहू” या वाक्यानंतर बहुधा कोणी कळवत नाही. निघण्यापूर्वी तारीख आणि काम ठरवून घ्यावे: “आपल्याला तीन वर्षांचे ताळेबंद मंगळवारी पाठवतो, त्यावर बोलायला गुरुवारी फोन केला तर चालेल का?” नकार असेल तर तोही इथेच कळतो आणि दोन महिन्यांची प्रतीक्षा वाचते. पहिल्याच भेटीच्या शेवटी गोपनीयतेच्या करारावर सही मागू नये. बहुतेक गुंतवणूकदार त्या टप्प्यावर ती करत नाहीत, आणि जे खरोखर गुपित आहे ते स्लाइडवर नसावेच.

त्याच संध्याकाळी मेल जायला हवा. त्यात मागणीची तीच चार वाक्ये, ज्या प्रश्नाला “पाहून सांगतो” म्हटले होते त्याचे उत्तर, ठरलेली तारीख आणि सादरीकरणाची पीडीएफ असावी. फायलीला कंपनीचे नाव आणि महिना द्यावा. ‘फायनल नवीन 2’ या नावाची फाईल महिन्याभराने समोरच्याच्या डाउनलोड फोल्डरमध्ये शोधून सापडत नाही.